वैनी, जरा हात पुढं करा

वैनी, ओ वैनी! धुणं झालं का वाळत घालून? मग जरा कुंपणापाशी या. तारेच्या अलीकडंच उभ्या राहा, पदर अडकेल. हां, आता दोन्ही हात पुढं करा. ओंजळ नको हो, ओटी नाही भरायची तुमची. तळवे समोरासमोर, अंगठे वर. ही लडी चढवते तुमच्या हातांवर आणि मी इकडं गुंडा करते. धागा ज्या बाजूनं सुटेल त्या बाजूला जरा झुकायचं, बस्स.

नवी लोकर नाही ही. परवापर्यंत टोपडं होतं. उसवलं. उसवलेली लोकर तशीच विणायला घेतली की टाके वेडेवाकडे बसतात, मॅगीसारखी कुरळी झालेली असते ना. म्हणून खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी केली, चार ठिकाणी सैलसर बांधली, कोमट पाण्यात बुडवून जास्वंदीच्या फांदीला सावलीत टांगली. आता बघा कशी सरळ झालीय.

का उसवलं? सांगते ना, त्यासाठीच तर बोलावलं.

नातवाची यंदा पहिली संक्रांत. तिकडं पुण्याला बोरन्हाण करायचंय. सूनबाईचा फोन आला, आई, काळं अंगडं-टोपडं तुम्ही हातानं विणाल का? तिनं जॅकेट आणि मॅचिंग हॅट म्हटलं, मी अंगडं-टोपडं ऐकलं. एकूण एकच. आपल्याकडं हा जोड काय आजचा आहे? कुंची तर त्याच्याही पुढची, डोक्यावर टोपी आणि तीच मागं पाठीवर उतरलेली. माझ्या सासूबाईंनी ह्यांची कुंची खणाची शिवली होती, अजून पेटीत आहे.

मी लगेच हो म्हटलं आणि नगरला जाऊन काळी लोकर घेऊन आले. कोणत्या वारी गेले विचारा. शनिवारी! शुक्रवारी म्हशींच्या बाजारामुळं आपल्या रस्त्यावर टेम्पोच टेम्पो, म्हणून शनिवार गाठला. ह्यांनी पिशवीत डोकावलं आणि कपाळाला हात लावला. काळी वस्तू शनिवारी घरात आणतं का कुणी, आणि तेही इथं? इथून फाटा फुटतो शनिशिंगणापूरला, 5-6 किलोमीटरवर देव उघड्यावर उभा आहे, तिथं लोक काळं वाहायला येतात आणि तू विकत आणतेस? मी म्हटलं, ज्या गावात घरांना दारं नाहीत तिथला देव माझ्या पिशवीत कशाला डोकावेल? पण वैनी, तुम्हाला म्हणून सांगते, पुढच्या शनिवारी गुपचूप तेल वाहून आले.

उजवीकडं झुका. हां.

काळ्या लोकरीचं खरं दुखणं शनी नव्हेच, ते डोळ्यांचं. रात्री दिव्याखाली बसले तर सुलट कुठला, उलट कुठला काही कळेना. एक टाका सुटला तो दहा ओळी खाली घरंगळत गेला. दुसऱ्या दिवशी उन्हात बसून क्रोशाच्या सुईनं एकेक पायरी वर चढवला. तेव्हापासून मांडीवर पांढरा टॉवेल घेते आणि रात्री सुयांना हात लावत नाही.

तुम्ही म्हणाल, लोकरच हवी तर आपल्या वाड्यांवर मेंढ्या काय कमी आहेत? धनगर रानात मेंढ्या बसवतात तेव्हा मीही विचारलं होतं एकदा. पण आपल्या दख्खनी मेंढीची लोकर भरड, ती घोंगड्याचीच. वरून चिंचोक्याची खळ. पावसात पाठीवर घ्यायला तिच्यासारखं काही नाही, पण दहा महिन्यांच्या पोराच्या मानेला लावली तर पोर घर डोक्यावर घेईल. म्हणून दुकानातली लुधियानाची. तिलाही आपण लोकर म्हणतो खरं, पण अ‍ॅक्रेलिक असतं ते. धाग्याचं टोक काडीपेटीनं पेटवून बघा. खऱ्या लोकरीला केस जळाल्याचा वास येतो आणि राख चुरते. हे वितळतं आणि पुढं कडक मणी होतो. मी सूनबाईला निक्षून सांगितलंय, अंगात हे असताना शेगडीजवळ न्यायचं नाही. आंघोळ, शेक, धुरी सगळं उरकल्यावर मग स्वेटर.

माझ्या हाताला हे वळण लागलं ते आजीमुळं. ती नगरला मिशनच्या शाळेत शिकली, तिथं मुलींना शिवण-विणकाम असायचं. हे मिशनवाले नगरला आले 1831 साली. फेरारबाई म्हणून एक अमेरिकन बाई मुलींच्या शाळा चालवायच्या, 1862 मध्ये नगरलाच वारल्या. सावित्रीबाई फुले शिकवायचं शिकल्या त्या ह्याच बाईंकडं. आजी हे इतक्या तोऱ्यात सांगायची की लहानपणी मला वाटायचं, फेरारबाईंनी हिलाच पाळण्यात घालून झोपवलं असेल.

हं, तर अंगडं. ते झक्क झालं. समोरून उघडं ठेवलं, म्हणजे डोक्यातून ओढाताण नको. माप घेतलं फोनवर. लेक म्हणाला, छाती 18 इंच. त्यात हवा खेळायला दोन इंच आणि आपल्या सवयीनं वाढत्या अंगाचे चार, झाले 24. पाठीला 12 इंच. माझ्या हाताला 10 नंबरच्या सुयांवर इंचाला 7 टाके येतात, म्हणजे 84 टाके. खाली एक सुलट एक उलट अशी दीड इंचाची पट्टी, पुढं साधं. जाळीची नक्षी मुद्दाम टाळली, पोरांची बोटं अडकतात. बटणं तीनच, तीही दुहेरी दोऱ्यानं, ओढून ओढून बघितलीत मी. सूनबाईला टोपीवर अस्वलाचे कान हवे होते, मोबाइलवर कुठंतरी बघितले म्हणे. म्हटलं, बोरन्हाणात बोरं, चुरमुरे, उसाचे करवे वरून पडणार, ते त्या कानांत जाऊन बसतील. नाडीही नको, गळ्याशी दोरी बरी नव्हे. आणि हलव्याचे दागिने ह्या लोकरीवर थेट घालू नका, मध्ये एक मलमलीचा रुमाल ठेवा. हलवा पाझरला की चिकटतो, मग साखर आणि लोकर वेगळी करत बसा.

आणि मग आली टोपडं विणायची वेळ. लेकानं सांगितलं, डोकंही 18 इंचच. आता मला सांगा, छाती 18 आणि डोकंही 18? मी म्हटलं, ह्यानं टेप दोनदा छातीलाच लावली. ह्याला लहानपणापासून मोजायचा कंटाळा. म्हणून मी आपल्या मनानं 14 धरले. शहाणपणा! वर टोपी घट्ट बसावी म्हणून सुया घेतल्या 12 नंबरच्या, बारीक. टाके मात्र 10 नंबरच्याच हिशेबानं मोजले, 98. बारा नंबरवर इंचाला 8 टाके बसतात, म्हणजे ते 14 सुद्धा झाले नाहीत, सव्वाबारा झाले. सुई बदलली की आधी नमुन्याचा चौकोन विणून मोजायचा, हे मी दुसऱ्यांना शिकवते, वैनी.

विणून झाल्यावर शंका आली. देवघरातला तांब्या उचलला आणि त्यावर चढवून बघितलं. काय सुंदर बसलं! तेवढ्यात आरोग्य केंद्राच्या आशाताई आल्या दारात, शेजारच्या बाळंतिणीकडं निघाल्या होत्या. तांब्याला टोपडं बघून आधी हसून घेतलं त्यांनी, मग म्हणाल्या, काकू, लेकाचं बरोबर आहे. जन्मल्यावर डोकं छातीपेक्षा मोठंच असतं, वर्षाच्या आसपास दोन्ही सारखी होतात आणि मग छाती पुढं जाते. मी दोन पोरं वाढवली, हे कधी टेपनं बघितलंच नव्हतं. आपल्या वेळी टोपडं जुन्या मऊ साडीचं, नाडी ओढली की बसलं.

लेकाची माफी? छे, त्याला कशाला सांगू. त्याला म्हटलं, टोपडं अजून व्हायचंय.

झाली का लडी? हे शेवटचे दोन वेढे... सोडा आता. बोटं आखडली असतील तुमची, चहा टाकते. पण आधी एक करा. तुमचा धाकटा नातू आमच्या पिल्लाच्याच महिन्यातला ना? त्याला जरा कुंपणापाशी आणा. टेप माझ्या कमरेलाच आहे. ह्या वेळी फोनवरचं माप नको की मनातलं नको, हाताशी असलेलं खरं डोकं मोजते. झोपलाय? मग तर उत्तमच, मीच येते तिकडं. तुमचं फाटक तेवढं आतून काढा.