चौरागडची तयारी

पुण्याचा माणूस घराबाहेर पडला की सिंहगड चढतो. नागपूरच्या माणसाला आधी डोंगर शोधावा लागतो. आमच्याही भर शहरात सीताबर्डीची टेकडी आहे. पण तिच्यावर किल्ला, किल्ल्यात लष्कर, आणि उतारावर टेकडीचा गणपती. वर जायला मनाई, खालून नमस्कार करून परतायची सोय. नागपुरी स्वभावाला याहून मानवणारा डोंगर नाही.

म्हणून मग शनिवार-रविवार गाठून पचमढी. सावनेर, सौंसर, छिंदवाडा करत सातपुडा चढायचा. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर, पचमढीच्या धूपगडाचा माथा १३५२ मीटरवर. म्हणजे उभा एक किलोमीटर! आडवा एक किलोमीटर आम्ही तर्रीपोह्यांसाठीसुद्धा स्कूटरने जातो. धूपगडावर निदान जीप चढते. आम्हाला जायचं होतं त्या तिथल्याच चौरागडाच्या हजारावर पायऱ्या मात्र ज्याच्या त्याने चढायच्या. सराव म्हणून आम्ही पहाटे सेमिनरी हिल्सवर जाऊ लागलो. जितकं वजन चढावर घटे, तितकं खाली पोह्यांच्या ठेल्यावर भरून निघे. हिशोब चोख.

सामानाची सूत्रं भाच्याकडे होती. तो पुण्याला नोकरी करतो आणि कळसूबाई चढलेला आहे, त्यामुळे १६४६ मीटरच्या खाली तो कुणाशी बोलत नाही. ‘‘मामा, पाठीवरचं वजन आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त नको.’’ माझं वजन पाहता ही मर्यादा चांगलीच उदार होती. पण त्याने काढलेल्या यादीत हेडलॅम्प होता, काठी होती, भराभर सुकणारे कपडे होते. खायला म्हणून फक्त ‘सुका मेवा, मूठभर’ असं लिहिलं होतं.

यादी आत्याच्या हाती लागली. ‘‘मूठभर? पाखरं चालले का पचमढीले?’’

सॅकमध्ये तिखट-मिठाच्या पुऱ्या गेल्या. जवसाची चटणी, आंबिया बहाराची संत्री गेली. मुरमुऱ्याच्या चिवड्याचा डबा निघाला तेव्हा भाच्याने पुन्हा वजनाचा नियम सांगितला. ‘‘चिवड्याले कायचं वजन आलं?’’ असं म्हणून तिने शेवेचं पाकीटही टाकलं.

मग थंडीची तयारी. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत, डोक्याला दुपट्टा गुंडाळून, इतवारीत खरेदी करणारी ही जमात; पण डिसेंबरात पारा दहाच्या आसपास आला की कानटोपीशिवाय दूध घ्यायला दार उघडत नाही. पचमढीला त्याहून गार, म्हणून बायकोने दोन स्वेटरांवर एक शाल रचली. मध्य प्रांताचं सरकार उन्हाळ्यात नागपूरहून पचमढीला जायचं, फायली आणि लवाजम्यासकट. साहेबांचं सामान पुष्कळ असेलही, पण त्यांच्या घरी आमची आत्या नव्हती.

खरा खटका उडाला बुटांवरून. आत्याने नागपंचमीला पचमढीच्याच नागद्वारीची यात्रा केलेली. भर पावसात, चिखलातून, अनवाणी. ‘‘तुले बूट काहून लागते? अन् हे काठी? तिथं लोकं महाशिवरात्रीले नवसाचे त्रिशूळ खांद्यावर घेऊन चढतात!’’ हे खरंच आहे. चौरागडाच्या माथ्यावर अशा त्रिशुळांचे ढीग आहेत. कळसूबाईवाला गप्प झाला.

शेवटी सॅक काट्यावर ठेवली. काटा माझी उदार मर्यादाही ओलांडून गेला. काय काढायचं यावर घरात बैठक बसली. पुऱ्यांना हात लावायची कुणाची छाती नव्हती. हेडलॅम्प निघाला, काठी निघाली, भराभर सुकणारे कपडे निघाले. एवढं करूनही चेन लागेना.

‘‘गाडीत जागा आहे न? मंग मीच येतो,’’ आत्या म्हणाली आणि दोन मिनिटांत तयार होऊन आली. हातात कापडी पिशवी. आत एक लुगडं, एक लोटा.

भाच्याकडे पाहून म्हणाली, ‘‘आण तुहे बूट. माह्या पिशवीत जागा आहे.’’