घराघरातला राक्षस

फेब्रुवारी २०१९ मध्ये गोव्याचे तेव्हाचे आयटी मंत्री रोहन खंवटे यांनी पबजी या मोबाइलवरच्या खेळाला घराघरातला राक्षस ठरवलं. पेडण्याचे लोक काही दचकले नसावेत. संकासुर राक्षसाशी त्यांची दशावतारातली जुनी ओळख, आणि भूत उतरवायला कोजागरीची पुनाव गावातच.

पण हा राक्षस चिवट. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्राने त्याला हाकललं, तेही मुलांच्या अभ्यासासाठी नव्हे, देशाच्या सुरक्षेसाठी. २०२१ मध्ये तो बीजीएमआय असं नवं बारसं करून परतला, २०२२ मध्ये गेला, २०२३ मध्ये पुन्हा हजर. आणि मोबाइलला घरात घेणारे आपणच: डिचोलीच्या बाजारात मोबाइल कंपन्यांना शिव्या घालणारे आजोबा घरी आले की नातवाने पेजेचा घास गिळावा म्हणून त्याच्यापुढे यूट्यूब धरतात.

२०२५ च्या केंद्राच्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले. मांडवीतले कॅसिनो मात्र रात्रभर झगमगतात. तिथे गोंयकाराला खेळायला बंदी आहे, बाकी देशाचं स्वागत. सरळ हिशेब आहे: फुकटात घरात शिरला तर राक्षस, परवाना शुल्क भरून नदीत उभा राहिला तर पर्यटन.