बुंगाट : नवशिक्यांसाठी

इंग्रजीत 'वूश' म्हणून एक शब्द आहे. अंगाजवळून काही जोरात गेलं की हवेचा जो आवाज होतो, त्याची ही नक्कल. तिकडच्या लोकांनी त्याला दुसरंही काम लावलंय. केलेला विनोद समोरच्याला कळला नाही की नुसतं 'वूश' म्हणायचं, म्हणजे गेला डोक्यावरून. कोल्हापुरात बदली होऊन आलेल्या, लग्न होऊन आलेल्या किंवा शिवाजी विद्यापीठात नाव घातलेल्या मंडळींनी हा शब्द स्टेशनावरच सोडून यावं. इथं त्या जागेवर 'बुंगाट' बसलाय आणि तो उठायचा नाही.

आधी उच्चार. 'बुं' नाकात घुमू द्यायचा, मग 'गाट' एकदम सोडायचं. बुलेटला किक मारून क्लच सोडल्यासारखं. 'बुंगाटकन' म्हणालात की पेठेतलं शेंबडं पोरसुद्धा विचारतं, "पुण्याचं काय?" सर्रकन, भुर्रकन, झटकन ही सगळी 'कन' लावून फिरतात, बुंगाटाला शेपूट चालत नाही. त्याच्याकडं स्वतःचं 'आट' आहे, कडकडाट-गडगडाटातलं. सुसाट त्याचा थोरला भाऊ म्हणा. फरक इतकाच, की सुसाटमध्ये वारा ऐकू येतो आणि बुंगाटमध्ये सायलेन्सर.

सायलेन्सर म्हटल्यावर म्हशीकडं वळणं आलंच. दिवाळीच्या पाडव्याला इथले गवळी आपल्या म्हशी सजवून रस्त्यावर आणतात. शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरं, अंगावरचे केस भादरून काढलेली नक्षी. मालक मोटरसायकलवर पुढं, आणि गाडीचा सायलेन्सर काढून ठेवलेला. त्या फाडफाड आवाजामागं म्हैस धावते. दोरी नाही, चाबूक नाही, तिला फक्त आपल्या धन्याच्या गाडीचा आवाज ओळखू येतो. एरवी गंगावेशीत कट्ट्यावर उभी राहून धारोष्ण दुधाचा पेला भरून देणारी ती संथ बाई, चार पाय उधळत तुमच्या नाकासमोरून जाते. धूळ बसेपर्यंत तुम्ही मागं सरकलेले असता आणि तोंडातून शब्द आपोआप येतो. न शिकवता. अभ्यासक्रमातला हा एकच धडा मी सक्तीचा ठेवीन.

फुटबॉलमधल्या बुंगाटाचं फार सांगत नाही. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचा सामना शाहू स्टेडियमवर बघा, बाकीचं शेजारचा सांगेल, न विचारता सांगेल.

कुठं वापरू नये, हे मात्र नीट ऐका. पंचगंगेच्या पुराला हा शब्द लावायचा नाही. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे एकेक करून उघडल्याची बातमी येते, राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी इशाऱ्याच्या ३९ फुटांवर जातं, मग ४३ ला धोका. त्या दिवसांत सगळं शहर फूट आणि इंचांत बोलतं. पाणी 'चढतं', 'फुगतं', लवकर उतरत नाही. २०१९ च्या पुरात ज्याच्या माळ्याला पाणी टेकलं होतं, त्याच्यापुढं 'पाणी बुंगाट आलं असेल ना' म्हणून बघा. तो काही बोलणार नाही. चहा मात्र अर्धाच देईल.

आता भविष्यकाळ. व्याकरणात हा भाग अवघड आहे. मित्राला फोन लावा, "कुठं हायस?" उत्तर येईल, "आलो बघ बुंगाट, दसरा चौकात हाय." मागं बादलीत नळाचं पाणी पडल्याचा आवाज येतोय. म्हणजे भाऊ अजून आंघोळीला बसायचाय. भूतकाळातला बुंगाट खरा, वर्तमानातला निम्मा, आणि भविष्यातला असेल तर तुम्ही आणखी एक चहा सांगा.

राहिला वूशचा तो दुसरा उपयोग. आमचे दाजी पुण्याचे. पहिल्यांदाच इथल्या खानावळीत मटणाच्या ताटावर बसले आणि वाढप्याला अगदी पुस्तकी मराठीत विचारलं, "तांबडा रस्सा फार तिखट असतो का हो?"

वाढपी हातातली बादली न ठेवता म्हणाला, "न्हाई ओ पाव्हणं. गुलाबजामच्या पाकातलाच हाय."

"मग दोन वाट्या द्या," दाजी म्हणाले.

टेबलावर कुणी हसलं नाही. हसायचं नसतं, हा नियम लिहून घ्या. माझ्या धाकट्या भावानं फक्त उजवा हात उचलला, दाजींच्या भांगावरून सपाट नेला आणि ताटात बघत हळूच म्हणाला, "बुंगाट." दाजींना वाटलं, डोक्यावर माशी आली असेल. त्यांनीही हात फिरवला.

पहिली वाटी त्यांनी एका दमात तोंडाला लावली. कान आधी लाल झाले, मग नाक. पांढऱ्या रश्श्याकडं हात गेला, पण पोचला नाही. खुर्ची मागं आपटली आणि दाजी दोन टेबलांच्या मधून, एका काकूंच्या पिशवीवरून उडी टाकत बेसिनकडं गेले.

वाढप्यानं दुसरी वाटी त्यांच्या रिकाम्या जागेपुढं नीट लावून ठेवली. "सुटलं बगा पाव्हणं," तो म्हणाला, "बुंगाट."