उंदीर, ठिबक आणि अण्णा

आमच्या दिंडोरीच्या घरात सहकुटुंब सिनेमा बघणं म्हणजे ग्रामसभा. कोरम जमतो, ठराव होत नाही. पण खरड छाटणी उरकली त्या रात्री पुतणीने हट्टच धरला आणि 'रॅटाटूई' लावायला लावला. पिक्सारचा, 2007 सालचा, ऑस्कर मिळवलेला. सिनेमा इंग्रजी, दुभाषा मी.

"हिरो कोण?" अण्णांनी विचारलं.

"उंदीर."

अण्णांचा चेहरा पडला. द्राक्षबागेत ठिबकच्या नळ्या कुरतडणारं जनावर पॅरिसच्या हॉटेलात स्वयंपाक करतं, हे त्यांना पचेना. पहिला अर्धा तास त्यांचं एकच पालुपद: "औषध टाका रे कुणीतरी!"

टोपीत बसलेला उंदीर पोराचे केस ओढून त्याला नाचवतो, तेव्हा पुतणी खिदळत होती. आईचं लक्ष भलतीकडेच. हा रेमी दोन पायांवर चालतो, का तर ज्या पायांनी अन्न धरायचं ते मळायला नकोत. "बघा, उंदराला कळतं!" असं म्हणत तिने माझ्या हातांकडे पाहिलं. तेवढं वाक्य भाषांतरातून गाळायला हवं होतं.

मग मी जरा ज्ञान पाजळलं. कचऱ्याचा ढीग खरा वाटावा म्हणून पिक्सारच्या लोकांनी 15 प्रकारची फळं-भाज्या मुद्दाम कुजवून फोटो काढले होते. अण्णा ताठ बसले. "मुद्दाम? अवकाळीनंतर आपल्या बागेत यायचं की. फुकट दाखवलं असतं."

पडद्यावरच्या करामतींचं त्यांना वावडं नाही बरं का. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 1912 मध्ये कुंडीत वाटाणा पेरला, रोज थोडं थोडं चित्रण केलं आणि त्याची वाढ पडद्यावर भराभर दाखवली. ही गोष्ट अण्णांना फार आवडते. तिच्यात रोप वाढतं आणि उंदीर नाही.

शेवटाकडे तो खडूस समीक्षक एक घास खातो. हातातलं पेन गळून पडतं आणि तो थेट लहानपणीच्या घराच्या दारात, आईसमोर उभा. मी भाषांतराला तोंड उघडलं, तर अण्णांनी हातानेच गप्प केलं. थोड्या वेळाने हळूच म्हणाले, "वांगं-टोमॅटोच ना ते? आमची आई चुलीवर करायची."

उंदराचा केस न् केस कॉम्प्युटरने घडवला असेल, पण माझ्या मते पैसे वसूल झाले ते या एका घासाला. पोरांना हसवून जागेवर बसवायचं आणि थोरांना बेसावध गाठायचं, हा या सिनेमावाल्यांचा जुना कावा.

पुढे उंदरांपायी हॉटेलला टाळं लागलं, तेव्हा अण्णांनी टाळी वाजवली, ते सोडा.

सकाळी नेहमीप्रमाणे त्यांनी पिंजरा लावला. एरवी आमिषाला शिळी भाकरी असते. त्या दिवशी आईकडून गरम भजं मागून घेतलं.