अप्पांचा खडा

भाषणाआधी धीर देणारा माणूस तुम्हाला माहीत आहे. नाव वेगळं असेल, गाव वेगळं असेल, पण स्टेजच्या पायऱ्यांपाशी, जनरेटरची वायर जिथं आडवी गेलेली असते, नेमका तिथं तो उभा असतो. आमच्या भालकी-बसवकल्याणच्या पट्ट्यात त्याला अप्पा म्हणतात. खरं नाव सांगत नाही. सांगितलं तर पुढच्या कार्यक्रमात ते मला गाठतील आणि म्हणतील, "माझ्यावर लिहिलास म्हणं. लिहिताना घाबरला नाहीस न्हवं?"

तुम्ही कागद हातात धरून उभे असता. वाचून झालेला असतो. पहिलं वाक्य पाठ असतं, शेवटचंही असतं, मधलं देवावर सोडलेलं असतं. एकूण बरं चाललेलं असतं. तेवढ्यात खांद्यावर हात पडतो आणि कानाशी आवाज येतो, "घाबरलालास का?"

तोवर तुम्ही घाबरलेले नसता.

"नाही अप्पा."

"घाबरू नको. हेदरब्याड. डरो नक्को." मराठी, कन्नड, दखनी, तिन्ही एका दमात. भीती कुठल्या भाषेतून शिरली असेल सांगता येत नाही, म्हणून सगळे दरवाजे लावून घ्यायचे. मग दाखले सुरू. "मागं एक मास्तर इथंच चक्कर येऊन पडले. हाराच्या टोपलीतच पडले. तुझं तसं होणार नाही." "एकाचा कागद वाऱ्यानं उडाला, थेट भटारखान्यात. तू घट्ट धर." "एक जण अध्यक्षाचं नावच विसरला. अध्यक्ष त्याचे सासरे." इथं अप्पा थांबतात, तुमच्याकडं निरखून बघतात आणि हळूच विचारतात, "तुझे सासरे आले नाहीत न्हवं?"

एवढ्यानं तोंडाला कोरड पडतेच. ती पडली की अप्पांचा हात बंडीच्या खिशात जातो आणि डबी बाहेर येते. डबी पितळेची, झाकण सैल. आत खडीसाखर. बारीक चौकोनी नव्हे, दोऱ्यावर धरलेली, सुपारीएवढी. निवेदक माईकवर "आता मी विनंती करतो की..." म्हणत असतो, त्याच क्षणी अप्पा तो खडा तुमच्या तोंडात सारतात. नको म्हणायला तोंड उघडलंत तर काम आणखी सोपं होतं.

थुंकायचीही सोय नाही, कारण खडा प्रसादाचा असतो. तुम्ही दत्तभक्त असाल तर तो गाणगापूरचा. हुमनाबादकडचे असाल तर माणिकनगरचा, माणिकप्रभूंच्या समाधीवरून आलेला. लिंगायत असाल तर कलबुर्गीच्या शरणबसवेश्वरांचा. उर्दू शाळेच्या हेडमास्तरांना अप्पांनी "बंदा नवाज के उरूस का है, साब" म्हणून दिलेला मी या डोळ्यांनी पाहिलाय. हे सगळे प्रसाद भालकीच्या बाजारातल्या एकाच किराणा दुकानातून, पाव-पाव किलोच्या पुडीतून येतात. दुकानदार जैन आहे. त्यालाही एका सत्काराच्या वेळी खडा मिळाला. कुठला म्हणून, ते अप्पांनी सांगितलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही.

तर या तालुक्यातल्या निम्म्या भाषणांची सुरुवात डाव्या गालात खडा धरून झालेली आहे. "सन्माननीय व्यासपीठ"चं "शन्माननीय व्याशपीठ" झालं की मागच्या रांगेतली पोरं एकमेकांना कोपरानं ढोसतात: दिला वाटतं. बस डेपोतले एक कंट्रोलर निवृत्त झाले. जन्मभर मायक्रोफोनवरून गाड्या पुकारलेला माणूस, त्याला कसलं आलंय भ्याव? पण अप्पांनी गाठलंच. कंट्रोलर उभे राहिले, "या डेपोनं मला..." एवढं म्हणाले आणि खडा घशाकडं सरकला. डोळ्यांत पाणी आलं, चेहरा लाल झाला, हात छातीवर गेला. सभागृह गलबललं. कंडक्टर रडले, मेकॅनिक रडले, ज्यांच्याशी त्यांचं वीस वर्षं पटलं नव्हतं ते कॅशियरसुद्धा रडले. कंट्रोलर काही न बोलता खाली बसले. एवढं हृद्य भाषण डेपोत पुन्हा झालं नाही, असं आजही सांगतात.

डेमोस्थेनिस नावाचा ग्रीक वक्ता उच्चार सुधारावेत म्हणून तोंडात गारगोट्या धरून बोलायचा सराव करत असे, असं प्लुटार्कनं लिहून ठेवलंय. हे मी अप्पांना सांगायला नको होतं. तेव्हापासून ते "ग्रीसमध्येबी हेच करतेत" असं सांगतात. डेमोस्थेनिस सभेत जाण्यापूर्वी खडे काढून ठेवत असणार, हा बारीक मुद्दा त्यांनी सोयीनं सोडून दिलाय.

आता न्यायानं बोलायचं तर खडा अगदीच अशास्त्रीय नाही. माणूस घाबरला की अंगात ॲड्रिनलिन उसळतं, काळीज धडधडतं, लाळ आटते, जीभ टाळूला चिकटते. गोड काही चघळलं की लाळ सुटते. अप्पांचं शास्त्र बरोबर आहे, माप चुकतं.

कलबुर्गीला हायकोर्टाचं पीठ आल्यापासून आमच्याकडचे तरुण वकील अप्पांच्या तावडीत जास्त सापडायला लागलेत. सकाळच्या गाडीला स्टँडवर येतात, नवा काळा कोट हातावर घडी करून. अप्पा त्यांना गांधीजी सांगतात. गोष्ट खरी आहे, आत्मकथेतच आहे: बॅरिस्टर होऊन आल्यावर मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात गांधीजी पहिल्या खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले, डोकं गरगरलं, एकही प्रश्न सुचेना, खाली बसले आणि 30 रुपये फी परत करून मोकळे झाले. पुढं त्याच माणसानं अख्ख्या देशाला बोलतं केलं, हा या गोष्टीतला धीर. अप्पा तिथपर्यंत पोचतच नाहीत. ते मध्येच थांबून विचारतात, "तू किती घेतलास? खर्चून नाही न्हवं टाकलास?"

आमच्याकडचं भ्याव जरा निराळं आहे, हेही सांगायला पाहिजे. 1956 साली राज्यं नव्यानं आखली तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्यातले उदगीर, अहमदपूर, निलंगा तिकडं, आजच्या महाराष्ट्रात गेले. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद इकडं, आजच्या कर्नाटकात राहिले. त्यामुळं 17 सप्टेंबरला उदगिरात झेंडा लागतो तो मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा आणि हद्द ओलांडून इकडं कमलनगरला आलं की तोच दिवस कल्याण कर्नाटक उत्सवाचा होतो. निजाम तोच, 1948 ची पोलीस ॲक्शन तीच, वक्तासुद्धा पुष्कळदा तोच. सकाळी एका अंगाला बोलून दुपारी दुसऱ्या अंगाला यायचं म्हणजे भाषणातलं एक नाव तेवढं बदलावं लागतं. असे एक सेवानिवृत्त प्राध्यापक गाडीतून उतरले. अप्पांनी खडा देता देता बजावलं, "इथं मराठवाडा म्हणू नका हां. चुकूनसुद्धा. मराठवाडा तेवढं म्हणू नका." प्राध्यापक माईकसमोर गेले आणि पहिलाच शब्द बोलले, "मराठवाड्यातील..." समोर फौजदार बसलेले. सुदैवानं तोंडात खडा होता. कन्नड मंडळींना तो शब्द लागलाच नाही.

मी एकदा अप्पांना शास्त्रानं हरवायचं ठरवलं. सांगितलं, हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी 2014 साली प्रयोग छापलेत. भाषणाआधी स्वतःला "मी शांत आहे" म्हणणाऱ्यांपेक्षा "मला हुरूप आलाय" म्हणणारे सरस बोलले. धडधड तीच, तिला नाव दुसरं द्यायचं. आणि सॅवित्स्की व गिलोविच यांनी 2003 साली दाखवलंय की आपली घाबरगुंडी आपल्याला वाटते तेवढी लोकांना दिसतच नाही. वक्त्याला नुसतं हे आधी सांगितलं तरी त्याचं भाषण सुधारतं. म्हणजे "शांत हो, घाबरू नको" या जपाचा उपयोग नाही.

अप्पांनी नीट ऐकून घेतलं. "मी कुठं शांत हो म्हणलालो? मी खडा देलालो."

बसवकल्याणला मी आणखी एक डाव टाकून पाहिला. म्हटलं, अप्पा, इथंच बाराव्या शतकात अनुभवमंटपात अक्कमहादेवी अल्लमप्रभूंच्या प्रश्नांना उत्तरं देत उभी राहिली. तिला कुणी खडा दिला होता?

"तिला कशाचं भ्याव? ती घरदार सोडून आल्ती. तुला हप्ते हायेत."

अप्पा सगळ्यांना खडा देतात असं मात्र नाही, आणि हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं. आमदार आले, माजी आमदार आले, होऊ घातलेले आमदार आले की अप्पा वायरीपासून चार पावलं मागं सरकतात. डबी खिशातच. ही मंडळी पायऱ्या चढतानाच बोलायला लागलेली असतात. वेळेचं भान नाही, विषयाचं नाही, समोर उन्हात बसवलेल्या शाळकरी पोरांचं तर नाहीच. एकदा विचारलं, साहेबांना का नाही दिला? अप्पा म्हणाले, "ज्याला भ्याव नाही त्याला साखर कशाला? शुगर होईल."

स्वतः अप्पा कधी बोलत नाहीत. तुम्हाला वाटेल, लहानपणी फजिती झाली असेल, ती सल असेल. तसलं काही नाही. एका गणेश मंडळात त्यांना आभार मानायला उभं केलं होतं. त्यांनी देणगीदारांचे मानले, मंडपवाल्याचे मानले, मग मंडपाच्या बांबूंचं गाव विचारून त्या गावाचे मानले. जनरेटरवाला जनरेटर घेऊन गेला तरी आभार चालूच. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच अध्यक्षांकडं गेले. "मला अजिबात भ्याव वाटत नाही बघा. मला पुन्हा बोलायला देऊ नका." एवढी साधी तपासणी आपल्याकडच्या किती वक्त्यांनी स्वतःची केलीय?

परवाच्या 17 सप्टेंबरला वक्तृत्व स्पर्धा होती. शेवटी एक मुलगी होती. घरात मराठी, शाळा कन्नड माध्यमाची, गल्लीत दखनी. असल्या पोरांचं भ्याव कुठल्या पुस्तकात नाही. विषय विसरेल याचं नव्हे, मधेच आकडे कन्नडमधून बाहेर पडतील याचं. त्यात परीक्षक पुण्याकडचे, उच्चारांवर पुस्तक लिहिलेले. मुलगी पायरीपाशी कागद घेऊन थरथरत होती आणि "करत आहोत, करत आहोत" असं घोकत होती. अप्पा आले. मला वाटलं, आता मास्तर टोपलीत पडणार. पण त्यांनी एकही दाखला दिला नाही. खडा काढला, दातानं फोडला, लहान तुकडा तिच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "आज्जीला सांगतीस तसं सांग, पोरी. आज्जी समोरच बसलीय समज."

ती बोलली. निजामाच्या काळात सभा घ्यायला परवानगी लागायची, गश्ती निशान 53 म्हणून परिपत्रक होतं, तोंड उघडलं की पोलीस यायचा, तरी लोक कसे बोलले, हे तिनं तिच्या घरच्या बोलीत सांगितलं. "बोललालेत", "जालालेत" असंच. एकदा "नालवत्तेंटु साली" म्हणाली, अठ्ठेचाळीस म्हणायचं होतं. कुणी हसलं नाही. बायांनी मान हलवली.

परीक्षकांनी अशुद्ध उच्चारांबद्दल गुण कापले. नंतर प्रमुख पाहुणे म्हणून तेच बोलायला उठले, शुद्ध मराठीचं महत्त्व या विषयावर. दुसऱ्याच परिच्छेदात त्यांचा घसा सुकला. खाकरले. पाण्याचा तांब्या शोधला, तो कुणी तरी उचलून नेलेला. पायऱ्यांकडं आशेनं पाहिलं. अप्पा तिथंच उभे होते, दोन्ही हात मागं बांधून. डबी खिशात होती. तिचा आकार बंडीवरून दिसत होता. पाहुण्यांनी भाषण आटोपतं घेतलं. त्या दिवसातलं तेच सगळ्यांत आटोपशीर भाषण झालं.

तेव्हा आयोजकांना एक विनंती आहे. पायऱ्यांपाशी अडचण होते म्हणून अप्पांना हलवायची भाषा दर वर्षी बैठकीत निघते. ती काढू नका. हलवायचंच असेल तर निवेदकाला हलवा. आणि मंडपाच्या हिशेबात पाव किलो खडीसाखर धरा. आजवरची सगळी अप्पांनी पदरच्या पैशानं आणलीय.