गुरूचा सातबारा

गुरू ग्रहाबद्दल आमच्या मंगळवेढ्यात कुणालाही शंका नाही. तो सिंह राशीत गेला की नाशिकला सिंहस्थ, कन्येत गेला की नृसिंहवाडीला कन्यागत, आणि बळ देऊन उभा राहिला की मुलीचं लग्न. शंका आहे ती त्याच्या नावावर पगार घेणाऱ्या माझ्याबद्दल. गुरूचं वातावरण आणि चुंबकावरण हा माझा संशोधनाचा विषय. गावात तो ‘पोरगं ज्योतिष शिकलं, पण पत्रिका बघत न्हाई’ एवढाच पोचला आहे.

हुरड्याला गेलो की तात्या माझी तोंडी परीक्षा घेतात. भरवशाचा पाऊस नसताना, काळ्या रानातल्या ओलीवर मालदांडी काढणारा माणूस. 2016 साली इथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून त्यांना बाकीच्या संशोधनाचं फारसं कौतुक उरलेलं नाही. यंदाही पहिला प्रश्न तोच : “रान कसंय तिथलं?”

रानच नाही, हे कसं सांगायचं? पोटात 1300 पृथ्व्या मावतील एवढा ग्रह, आणि पाय टेकायला गुंठाभर जागा नाही. वर अमोनियाचे ढग, खाली हायड्रोजन. खोलवर दाब इतका की तो हायड्रोजन धातूसारखी वीज वाहून नेतो. त्यात हा अगडबंब ग्रह 10 तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, म्हणून त्याचं चुंबकत्व एवढं दांडगं. तात्यांनी यातला अमोनिया तेवढा उचलला.

“म्हंजे युरिया हाय, रान न्हाई.”

मी इतिहासाकडे वळलो. 1955 साली अमेरिकेत, मेरीलँडमधल्या एका माळावर अँटेना मांडून बर्क आणि फ्रँकलिन आकाश ऐकत होते. मध्येच खरखर यायची. त्यांना वाटलं, शेतावरचा कुणी गडी रात्री उशिरा गाडी घेऊन परतत असेल. पुढे उलगडलं, खरखर गुरूची होती.

तात्या कणीस चोळायचे थांबले. “तिकडंबी पयला संशय गड्यावरच?”

रेडिओ खगोलशास्त्राचं इतकं नेमकं परीक्षण मी कुठल्या परिषदेत ऐकलेलं नाही.

चुंबकावरणाला मात्र त्यांनी मनापासून दाद दिली. सूर्याकडून येणारा कणांचा वारा गुरूच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळतो आणि दोघांमध्ये एक हद्द पडते. वाऱ्याचा जोर वाढला की ती लाखो किलोमीटर आत सरकते, ओसरला की पुन्हा बाहेर. मागच्या अंगाला तर चुंबकावरणाची शेपटी पार शनीच्या कक्षेपर्यंत, सुमारे 65 कोटी किलोमीटर. माझ्या विद्यार्थ्यांना हे पचायला एक सत्र जातं. तात्यांना अर्धं कणीस पुरलं.

“सूर्य बांध कोरतोय,” ते म्हणाले. “आन् ह्यो मागनं शनीच्या रानात घुसलाय. मोजणी आणलीया का?”

आणली, म्हटलं. जुनो नावाचं यान 2011 साली निघालं, 2016 साली पोचलं आणि गुरूला घिरट्या घालत मोजत बसलं.

“पाच वर्सं नुसतं यायला?” तात्यांनी आगटीत नवी कणसं खुपसली. “मग सरकारीच असणार.”