पाहुण्यांची भरती

समुद्रकाठी घर असलं की मे महिन्यात नातेवाइकांची आठवण आपल्याला काढावी लागत नाही, तेच आपली काढतात. पुण्याचे, ठाण्याचे, यंदा तर न्यू जर्सीचेही आले. मुरूडला येणाऱ्या प्रत्येकाला जंजिरा बघायचा असतो, तोही शिडाच्या होडीतून. मागच्या पाहुण्यांनी तिचे फोटो सगळ्या खानदानात फिरवलेले असतात ना!

मंडळींचा कार्यक्रम घरूनच ठरून येतो. आठला पोहे, नऊला राजपुरीचा धक्का, अकराला जंजिरा आटोपून पद्मदुर्ग, दीडला सुरमई. या बेतात वाऱ्याला आणि भरतीला कोणी विचारलेलं नसतं. आमच्या आईची रीत जुनी. ती कालनिर्णयवर तिथी बघते आणि तिची पाऊणपट करते. एकादशी असेल तर अकराची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे सव्वाआठच्या सुमाराला भरती, दोन-सव्वादोनला ओहोटी. न्यू जर्सीच्या भाच्यानं हे मोबाइलवर ताडून पाहिलं. फरक किरकोळ निघाला. तेव्हापासून तो इतर बाबतींतही आजीलाच विचारतो.

होडीत चढताना नात्यागोत्यांची सगळी उतरंड कोलमडते. तांडेल मान बघत नाही, वजन बघतो. आमचे जावईबापू नेहमीच्या सवयीनं सगळ्यात चांगल्या जागी, सावलीत जाऊन बसले. तांडेल म्हणाला, “काका, तुम्ही इकडं या.” होडी तरी कललेलीच. “काका, जरा मागं सरा.” मग पुन्हा, “नको, पयलं होतं तिथंच बसा.” लग्नातही त्यांना इतकं कोणी उठवलं-बसवलं नव्हतं. आत्याबाईंनी आवळासुपारीची डबी काढून होडी हलायच्या आतच सगळ्यांना वाटली. बोट लागण्याची भीती त्यांना धक्क्यावरच लागते.

शीड चढलं, फुगलं, पोरांनी आरोळी ठोकली, आणि खाडीच्या मधोमध वारा पडला. यात नवल काही नाही. रात्रभर जमिनीकडून वाहणारा मतलई वारा ऊन चढलं की दमतो आणि समुद्रावरून येणारा खारा वारा सुरू व्हायला दुपार जवळ यावी लागते. पाहुण्यांचे कार्यक्रम नेमके या दोहोंच्या फटीत बसवलेले असतात. “अजून किती वेळ?” या प्रश्नाला तांडेलाचं उत्तर एकच : “वारा आला की.” मोठी माणसं घड्याळं बघू लागली. पोरांना मात्र स्वर्ग सापडला होता. होडीच्या तळाशी झिरपून साठलेलं पाणी उपसायला एक कापलेला पत्र्याचा डबा असतो, त्याच्यावरून मारामारी जुंपली. पुण्याच्या घरी पाण्याचा पेला न उचलणारी पुतणी इतकं पाणी उपसत होती, की तांडेल म्हणाला, “बास गो बाय, आता काय समुद्र रिकामा करतंस?”

किल्ल्याजवळ गेलं तरी त्याचा दरवाजा दिसत नाही. अगदी तटाला भिडेपर्यंत नुसती भिंतच. तोवर तांडेल आपली माहिती सांगून घेतो : 22 एकर, 22 वर्षं बांधकाम, 22 बुरुज. पुस्तकांत 19 बुरुजही लिहिलेले आढळतात. पोरांनी मोजले तर प्रत्येकाचा आकडा वेगळा, कारण होडी डुलते आणि बुरुज पळतात.

आतल्या गोष्टी मोठ्यांसाठी. कलालबांगडी तोफेवर हात ठेवून फोटो झाले, चहूकडे खारं पाणी असताना गोड्या पाण्याचे तलाव कसे, यावर चर्चा झाली. शेवटचे भावजी न्हाणीघरातून उशिरा निघाल्यानं आमची पहिली होडी हुकली होती. त्यावर मी लाय पाटलाची गोष्ट सांगितली. सोनकोळ्यांच्या या पाटलानं म्हणे रात्रीतून याच तटाला शिड्या लावल्या आणि मोरोपंत पेशव्यांच्या माणसांची वाट पाहिली. ती वेळेत आलीच नाहीत. उजाडायच्या आत शिड्या काढून परतावं लागलं. भावजी खूश झाले. उशिराला पेशव्यांचा दाखला मिळाला होता. पोरांचा प्रश्न एकच : परत होडीत कधी बसायचं?

पद्मदुर्गाला शिडाची होडी जात नाही. मच्छीमारांची यांत्रिक होडी सांगून ठेवावी लागते. तिथं दोन दगडांमधला चुना शाबूत आणि दगड मात्र खाऱ्या वाऱ्यानं झिजून आत गेलेले. पुतणीनं एका खळग्यात मनगटापर्यंत हात घातला आणि विचारलं, “मग आख्खा किल्ला चुन्याचाच का नाही बांधला?” शिवाजी महाराजांच्या बाजूनं उत्तर द्यायला आमच्यात कोणी पुढं आलं नाही.

सुरमई साडेचारला मिळाली. थंडगार. कोणी तक्रार केली नाही.

पोरांना किल्ला दाखवायला म्हणून होडीत बसवू नका; होडीत बसवायला म्हणून किल्ल्याला न्या, वाटेत वारा पडला तर पडू द्या. आणि यायचं तर मे संपायच्या आत या. पावसाळ्यात राजपुरीच्या होड्या बंद असतात, आणि आमच्याकडे पाहुणे कुणी फिरकत नाहीत.